काचेवर पाणी का येत नाही? गाडीच्या वॉशरची तपासणी



या पानावर आम्ही एरवी बेणे, लागण, खोडवा आणि खते यांविषयी लिहितो. आजचा विषय थोडा वेगळा आहे. गाडीच्या समोरच्या काचेवर पाणी मारणारा जो लहानसा पंप असतो, ज्याला आपण वॉशर म्हणतो, तो काम देईनासा झाला तर दोष कसा शोधावा, हे आज पाहू. “एवढ्याशा पंपासाठी अख्खे पान कशाला?” असे कोणी म्हणेल. त्यांनी आधी आमची हकीकत ऐकावी.

हंगाम ऐन भरात होता. सकाळी तोडीचे प्लॉट पाहण्यासाठी आम्ही नाशिकहून निफाडकडे निघालो होतो. गाडी आम्हीच चालवत होतो. चांदोरी मागे पडली. गोदाकाठचे धुके विरत आले होते, काच दमट झाली होती, आणि पुढे उसाचे दोन ट्रेलर ओढणारा ट्रॅक्टर धूळ व पाचटाचा भुगा उडवीत चालला होता. वायपर फिरवला, तर ओल्या काचेवर धूळ शेणाने सारवल्यासारखी पसरली. तेवढ्यात ऊन थेट समोर आले आणि सगळी काच पांढरी झाली. वॉशरचा दांडा ओढला. मोटारीचा ‘घूंऽऽ’ असा आवाज आला, पण पाण्याचा थेंब नाही! खिडकीतून डोके बाहेर काढून कशीबशी गाडी बाजूला घेतली. थांबलो, तेव्हा पुढे दहा-बारा पावलांवर उसाची बैलगाडी होती आणि मोळ्यांवर एक बाई लेकराला घेऊन बसली होती. त्या माउलीला काही कळलेही नाही. आमचे हात मात्र बराच वेळ थरथरत होते.

यातली खरी चूक सांगायलाच हवी. आठ दिवसांपूर्वीच आमच्या ड्रायव्हरने सांगितले होते, “साहेब, काचेवर पाणी येत नाही.” आम्ही म्हणालो होतो, “हंगाम उरकला की बघू.” दोष निघाला तो नोझलमध्ये साचलेल्या क्षाराचा. काम दहा मिनिटांचे होते.

हिशेब करून पाहा. ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे ११ मीटर जाते. काच तीन सेकंद आंधळी झाली, की ३३ मीटर रस्ता आपण न बघता कापला. वेग ६० चा असेल तर हेच अंतर ५० मीटर होते. एवढ्या अंतरात बैलगाडी, सायकलवाला, शाळेची पोरे, काहीही येऊ शकते.

वॉशर म्हणजे पाठीवरचा फवारणी पंपच

हे यंत्र आपल्याला नवीन नाही. फवारणी पंपाला टाकी असते, गाळणी असते, दाब देणारा दांडा असतो, नळी असते आणि टोकाला नोझल असते. वॉशरलाही नेमके तेच असते. बॉनेटखाली प्लास्टिकची टाकी, तिच्या बुडाशी रबरी बुचात बसवलेला छोटा विजेचा पंप, पंपाच्या तोंडाशी बारीक जाळी, तिथून वर जाणारी नळी, दोन्ही बाजूंना पाणी वाटणारा जोड, आणि शेवटी नोझल. काही गाड्यांत नळीमध्ये एक छोटी झडपही असते. ती पाणी मागे उतरू देत नाही. फरक एवढाच, की दांडा हलवण्याचे काम इथे वीज करते.

फवारणी थांबली की आपण आधी टाकी बघतो, मग गाळणी, मग नळी, मग नोझल. इथेही तोच क्रम ठेवावा. अंदाजाने एकदम नवा पंप विकत आणू नये.

पहिली पायरी : पाणी बघा, मग आवाज ऐका

टाकीत पाणी आहे का, हे प्रथम पाहा. काल भरलेली टाकी आज रिकामी असेल तर गळती आहे. गाडीखाली कोरडा पुठ्ठा ठेवून टाकी भरा. कुठे थेंब पडतात ते कळेल. बहुधा पंपाभोवतीचे रबरी बूच कडक होऊन चिरलेले असते, नाहीतर नळी जोडातून सुटलेली असते. ऊसपट्ट्यात आणखी एक चोर आहे, तो म्हणजे उंदीर. वस्तीवर उभ्या गाडीत तो शिरतो आणि नळी व वायर दोन्ही कुरतडतो. कुरतडलेल्या नळीला चिकटपट्टी फार दिवस टिकत नाही. तेवढा तुकडा बदलावा.

टाकी भरलेली असेल तर इंजिन बंद ठेवून फक्त किल्ली चालू करा आणि दांडा ओढा. दुसऱ्या माणसाला बॉनेटजवळ कान देऊन उभे करा. पंपाचा आवाज येतो की नाही, यावर पुढची सगळी दिशा ठरते. आवाज येतो पण पाणी येत नाही, तर दोष बहुतेक पाण्याच्या वाटेत आहे. आवाजच नाही, तर दोष विजेच्या वाटेत किंवा खुद्द पंपात आहे.

आवाज येतो, पाणी नाही

पंपावरून वर जाणारी नळी पंपापाशी सोडवा, खाली भांडे धरा आणि दांडा ओढायला सांगा.

पाणी जोरात आले, तर पंप चांगला आहे आणि अडथळा पुढे आहे. नळी कुठे मुडपली आहे का, बॉनेटच्या बिजागरीत दाबली आहे का, ते बघा. त्यानंतर नोझलपाशीची नळी सोडवा. तिथेही पाणी येत असेल तर नोझलच तुंबले आहे.

पंपापाशीच पाणी आले नाही, तर टाकीच्या बुडाचा गाळ आणि पंपाच्या तोंडाची जाळी तपासा. शेवाळ, माती आणि साबणाचा थर इथे हमखास सापडतो. टाकी काढून दोन-तीन पाण्यांनी धुवा, जाळी जुन्या दातब्रशने साफ करा. एवढे करूनही पंप नुसता घुमत असेल, तर आतला पंखा झिजला किंवा तुटला असे समजावे आणि पंप बदलावा.

एकाच बाजूला पाणी येत असेल तर पंपाला दोष देऊ नका. दोष वाटणाऱ्या जोडाच्या पुढे, त्या बाजूच्या नळीत किंवा नोझलमध्ये आहे. दांडा ओढल्यावर दोन-तीन सेकंदांनी पाणी येत असेल, तर ते दर वेळी मागे उतरते आहे. मागे न सोडणारी झडप असेल तर ती बघा, नसेल तर नळीचे सैल जोड बघा.

नोझल साफ करताना

आपल्याकडे विहिरी-बोअरचे पाणी अनेक ठिकाणी जड आहे. ज्या क्षाराने ठिबकचे ड्रीपर तुंबतात, त्याच क्षाराने हे नोझलही तुंबते. नोझल निघत असेल तर काढून व्हिनेगरमध्ये तासभर ठेवा, मग पाण्याच्या उलट दिशेने फुंकर मारा. निघत नसेल तर अगदी बारीक टाचणी हलक्या हाताने फिरवा. जाड सुई किंवा दाभण खुपसू नये. भोक मोठे झाले की फवारा जातो आणि नुसती धार उरते. ठिबकसाठी आणलेले आम्ल तर इथे मुळीच वापरू नका; रंग आणि पत्रा दोन्ही खाईल.

साफ झाल्यावर धार काचेच्या साधारण मध्यावर पडते ना, ते बघा. छतावरून पलीकडे जाणारे पाणी काय कामाचे? बऱ्याच नोझलमधला छोटा गोळा टाचणीने किंचित फिरवून दिशा बदलता येते.

आवाजच येत नाही

आधी फ्यूज बघा. जळालेला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा नवा टाका. तार किंवा सिगारेटच्या पाकिटाची चांदी लावणे म्हणजे गाडीला आग लावण्याची तयारी होय. नवा फ्यूजही लगेच जळाला, तर वायर कुठेतरी पत्र्याला टेकते आहे किंवा पंप आतून जाम आहे. मग पुढचे काम वायरमनकडे द्यावे.

फ्यूज चांगला असेल तर पंपाचे सॉकेट काढून बघा. हिरवा-पांढरा गंज चढला असेल तर घासून साफ करा. मग सॉकेटच्या दोन टोकांत छोटा दिवा जोडून दांडा ओढायला सांगा. जीप-पिकअपला १२ व्होल्टचा दिवा लागतो. मोठ्या ट्रकला बहुधा २४ चा. दिवा पेटला तर वीज पोचते आहे आणि पंप गेला आहे. पेटला नाही तर दिव्याचे एक टोक सॉकेटच्या विजेच्या टोकावर ठेवून दुसरे स्वच्छ पत्र्याला लावा. आता पेटला तर अर्थिंग सुटले आहे. तरीही पेटला नाही तर वायर किंवा दांड्यातला स्विच तपासावा लागेल.

टाकी रिकामी असताना दांडा ओढून धरू नका. पाण्याशिवाय फिरलेला पंप लवकर जळतो.

टाकीत काय घालावे, काय घालू नये

गाळलेले स्वच्छ पाणी आणि बाजारात मिळणारे काच धुण्याचे द्रावण, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात, एवढेच घालावे. कपड्याची साबणपूड नोझलमध्ये थर धरते. काही जण डिझेल-रॉकेलचे फडके काचेवर फिरवतात. त्याने तेलकट पापुद्रा बसतो, समोरच्या दिव्यांनी डोळे दिपतात आणि वायपरचे रबर खराब होते.

थंडीचीही एक सूचना. डिसेंबर २०१८ मध्ये निफाडचा पारा २ अंशांच्या खाली उतरला होता, हे आपण विसरलेलो नाही. अशा पहाटे काचेवर दव गोठले तर उकळते पाणी ओतू नका, काच तडकेल. इंजिन चालू करून काचेवर गरम हवा सोडा आणि थोडे थांबा.

वायपरचे रबर चिरले असेल तर बदला. कोरड्या धुळीवर वायपर फिरवला की वाळूचे कण काचेला कायमचे ओरखडे पाडतात. म्हणून आधी पाणी, मग वायपर. शिवाय केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम १०१ प्रमाणे समोर काच असलेल्या गाडीला चालू स्थितीतील वायपर असणे आवश्यक आहे. ज्या जुन्या गाडीला वॉशरची सोयच नाही, तिच्यात पाण्याची बाटली आणि स्वच्छ सुती फडके कायम ठेवावे. काच दिसेनाशी झाली तर वेग कमी करून गाडी कडेला घ्यावी आणि काच हाताने पुसूनच पुढे निघावे.

वाहतूकदार सभासदांना आमची विनंती आहे, की आठवड्यातून एकदा हवा-पाणी बघताना वॉशरचा दांडाही एकदा ओढून बघावा. आणि ड्रायव्हर “पाणी येत नाही” म्हणाला, तर आमच्यासारखे “हंगाम उरकला की बघू” असे म्हणू नये. त्याच दिवशी दहा मिनिटे काढावीत. रस्त्यावर मोळ्यांवर बसलेले कोणाचे तरी लेकरू आहे, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.

कळावे,
ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग