गप्प बसू नकोस, एवढंच

चंदीगडला नव्याने आलेल्या बाईला गॅस सिलिंडर मिळायला वेळ लागतो, चांगली कामवाली मिळायला त्याहून जास्त. चलान मात्र लगेच मिळतं! मार्च २०२२मध्ये सेक्टर १७मधून शहरभरच्या कॅमेऱ्यांवर नजर ठेवणारं कंट्रोल सेंटर सुरू झालं. आता सिग्नलला चाक झेब्रा पट्ट्यांवर गेलं तरी फोनवर मेसेज येऊन पडतो. आपली एमएच १२ची स्कूटर आहे म्हणून कुणी सोडत नाही, आणि मागे बसणारीलाही हेल्मेट लागतं, हे आधीच सांगून ठेवते.

म्हणूनच व्हॉट्सअ‍ॅपवर ‘आरटीओ चलान’ नावाची फाईल आली की बोट आपोआप तिच्यावर जातं. काल पिकाडिली चौकात आपण जरा पुढे थांबलो होतो, हे मनाला आठवतच असतं ना! तर ऐक. त्या फाईलच्या नावाच्या शेपटाला ‘एपीके’ असतं. म्हणजे तो कागद नाही, ते अ‍ॅप आहे. एकदा बसवलं की ते एसएमएस वाचायची परवानगी मागतं आणि आपण घाईत ‘अलाऊ’ दाबतो. पुढे बँकेचा ओटीपी तुझ्याआधी भलत्याच माणसाला दिसतो. खरं चलान कधीही अ‍ॅप होऊन येत नाही. परिवहन खात्याच्या ई-चलान साइटवर स्वतः जायचं, गाडीचा नंबर टाकायचा, तिथे गाडीचा फोटो दिसला तर गुपचूप पैसे भरायचे. मेसेजमधल्या लिंकवरून तिथे जायचं नाही, बास.

दाबलं गेलंच असेल तर रडत बसू नकोस. आधी त्या फोनचं नेट बंद कर. दुसऱ्या कुणाच्या फोनवरून बँकेला सांगून कार्ड, नेटबँकिंग, यूपीआय बंद करून घे. मग ते अ‍ॅप काढ, फोटो बाजूला ठेव आणि फोन फॅक्टरी रीसेट करून टाक. हॅश हॅश शून्य शून्य दोन हॅश डायल केलंस की तुझे कॉल कुणी दुसरीकडे वळवले असतील तर तेही थांबतात. आणि व्हॉट्सअ‍ॅपमध्ये ‘लिंक्ड डिव्हायसेस’ उघडून अनोळखी यंत्र दिसलं तर हाकलून दे.

आता जरा जवळ बस, मोठ्या माणसाची गोष्ट सांगते. इथून शंभरेक किलोमीटरवर लुधियाना आहे. तिथले वर्धमान उद्योगसमूहाचे एस. पी. ओसवाल, पद्मभूषण मिळालेले, तेव्हा वय ८२. ऑगस्ट २०२४मध्ये त्यांना ‘डिजिटल अरेस्ट’ केलं गेलं. म्हणजे काय, तर व्हिडिओ कॉल चालू ठेवायचा, नजरेसमोरून हलायचं नाही, कुणाला अक्षर सांगायचं नाही. मनी लाँडरिंगच्या गुन्ह्यात तुमचं नाव आहे म्हणून धाक. मग स्क्रीनवर सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणी झाली, आणि न्यायाधीश कोण? तर आपले तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड असल्याचं भासवणारा एक तोतया! सात कोटी रुपये गेले. त्यांनी तक्रार केली, लुधियाना पोलिसांनी हात-पाय हलवले आणि सव्वापाच कोटींच्या आसपास परत मिळवले.

यात कॉम्प्युटर कुणीच फोडला नाही, बघ. पासवर्डही चोरला नाही. ‘कुणाला सांगू नका’ या एका अटीवर सगळा डाव उभा होता. शेजारच्या खोलीतल्या माणसाला त्यांनी एक वाक्य बोलून दाखवलं असतं तर तो डाव तिथेच कोसळला असता. भारताच्या कुठल्याच कायद्यात डिजिटल अरेस्ट नाही. पोलीस व्हिडिओ कॉलवर कुणाला अटक करत नाहीत आणि न्यायालय खात्यात पैसे टाकायला सांगत नाही.

हे मी तुला मुद्दाम सांगतेय, कारण आपल्यासारख्या बाहेरून आलेल्यांवर हा डाव लवकर चालतो. नवरा पहाटे चंडीमंदिरच्या लष्करी छावणीत ड्यूटीवर, किंवा तू स्वतः पीजीआय रुग्णालयात नाईट करून आलेली. शेजारी ओळखीचे नाहीत, पंजाबी पटकन कळत नाही. त्यात वीजखातंही १ फेब्रुवारी २०२५पासून खासगी कंपनीकडे गेलंय. ‘आज रात्री साडेनऊला वीज कापू’ असा मेसेज आला की नवीन माणसाला खरं नाव कुठलं आणि खोटं कुठलं, काही समजत नाही. बिलाचं काम असेल तर संपर्क केंद्रात जाऊन विचार, तिथे समोर माणूस बसलेला असतो. आणि कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधू नकोस गं. तिथे वर दिसणारा नंबर पुष्कळदा चोराचाच असतो. बिलावर छापलेला, कार्डाच्या पाठीवरचा नंबर घे. फोनवरचा माणूस एनीडेस्क किंवा टीमव्यूअर टाकायला सांगू लागला की फोन ठेव. सभ्यपणा दाखवायची ती जागा नाही. बँकेची साइट उघडशील तेव्हा पत्त्याच्या शेवटी ‘डॉट बँक डॉट इन’ आहे का पाहा. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५पर्यंत त्या पत्त्यावर यायला सांगितलं होतं.

पैसे गेले तर १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन. रात्री दोन वाजले असले तरी. तिथे तक्रार गेली की पैसे पुढच्या खात्यात जिथे पोचले असतील तिथे गोठवायची खटपट सुरू होते, आणि चोर ते तासाभरात चार खात्यांतून फिरवतो, म्हणून सकाळची वाट बघायची नाही. नंतर सेक्टर १७च्या सायबर पोलीस ठाण्यात जा. रिझर्व्ह बँकेचा २०१७चा एक नियमही लक्षात ठेव: चूक तुझी नाही, बँकेचीही नाही, आणि बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तू कळवलंस, तर तुझ्यावर तोशीस नाही. ओटीपी तूच सांगितला असशील तर कळवेपर्यंतचं नुकसान तुझं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे दोन्हीकडून लवकर बोलण्यातच शहाणपण. पण बायका काय करतात? नवऱ्याला कळेल, सासूबाई टोमणे मारतील, म्हणून दोन दिवस गिळून बसतात. ते दोन दिवसच महागात पडतात.

आता एक नाजूक गोष्ट. फोनची स्क्रीन फुटली की सगळे सेक्टर २२च्या मार्केटमध्ये धावतात. तिथली पोरं कामाला वाघ आहेत, पण दुरुस्तीवाला अनलॉकचा पॅटर्न मागतो आणि आपण सांगून टाकतो! सॅमसंगमध्ये ‘मेंटेनन्स मोड’ आहे, पिक्सेलमध्ये ‘रिपेअर मोड’. तो चालू केला की फोन तपासता येतो, पण तुझे फोटो-चॅट दिसत नाहीत. आणि कधी कुणी खासगी फोटोंवरून धमकावलं, मग तो जुना मित्र का असेना, तर पैसे द्यायचे नाहीत. एकदा दिलेस की मागणं संपत नाही. चॅट पुसू नकोस, तो पुरावा आहे. सरकारच्या सायबरक्राईम पोर्टलवर बायकांसाठी वेगळा विभाग आहे, तिथे नाव न सांगताही तक्रार करता येते.

लॅपटॉपचं थोडक्यात सांगते. महागडं अँटिव्हायरस घेऊ नकोस, विंडोजचं स्वतःचं डिफेंडर घरच्या वापराला पुरतं. ते पैसे एसएसडीवर घाल. जुना रडका लॅपटॉपही पळायला लागतो. विंडोज १०चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. तुझं यंत्र विंडोज ११ घेत नसेल, आणि सातव्या पिढीपर्यंतचे बहुतेक इंटेल घेत नाहीत, तर मायक्रोसॉफ्टच्या जादा सुरक्षा-अपडेटमध्ये नाव नोंदव. ती सोय १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत आहे. नुसतं नेट, मेल आणि मुलांचा अभ्यास असेल तर लिनक्स मिंट टाकलंस तरी चालतं, फुकट आहे.

मराठी टायपिंगसाठी मात्र भलतं काही डाऊनलोड करू नकोस. गुगलचं ते विंडोजवर बसवायचं इनपुट टूल गुगलने कधीच बंद केलं. आता कुठल्याशा साइटवर ते दिसलं तर आत काय भरलंय ते देव जाणे. विंडोजमध्येच मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे, सेटिंगमध्ये भाषा म्हणून मराठी जोड आणि तिच्या पर्यायांत तो कीबोर्ड निवड, की झालं. ‘क्रॅक’ केलेलं सॉफ्टवेअर लावून देणारा शेजारचा हुशार मुलगाही नको. आणि फोटोंची एक प्रत घराबाहेर असू दे, क्लाऊडवर किंवा माहेरच्या कपाटातल्या हार्ड डिस्कवर.

राहिलं इंटरनेट. शंभर एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी, शंभर नाही. त्यावरून कंपनीशी भांडू नकोस. इथल्या जुन्या सरकारी घरांच्या विटांच्या भिंती जाड आहेत, एका खोलीपलीकडे पाच गिगाहर्ट्‌झचं वायफाय दमतं. राऊटर घराच्या मधोमध ठेव, टीव्हीमागे कोंबू नकोस. तक्रार करायच्या आधी लॅपटॉपला केबल लावून वेग मोज. केबलवर वेग बरोबर असेल तर दोष भिंतीचा, नसेल तर कंपनीचा. मग स्क्रीनशॉट काढून लेखी तक्रार कर आणि तिचा नंबर मागून घे. माझ्याकडच्या एका कंपनीचा माणूस फोनवर रोज ‘होजाएगा जी’ म्हणायचा. लेखी तक्रार गेल्यावर शिडी घेऊन हजर झाला. राऊटर बसवून गेला की वायफायचा आणि त्याच्या सेटिंगचा, दोन्ही पासवर्ड लगेच बदल. ते बहुतेकदा खाली स्टिकरवर छापलेले असतात आणि बसवणाऱ्याला पाठ असतात.

आज आईला फोन करशील तेव्हा तब्येतीचं बोलून झालं की १९३० हा नंबर तिच्या फोनमध्ये घालायला सांग. आणि तिला म्हण, कुणी ‘घरच्यांना सांगू नका’ म्हणालं की फोन कापून आधी मला कर, मी ड्यूटीवर असले तरी.