पद्मिनीचे ब्रेक: काम कसं घ्यायचं, एअर कशी काढायची

जुन्या गाडीच्या ब्रेकचा व्हिडिओ पाहिला असेल तर निपल, नळी, बाटली हे सगळं तुमच्या डोळ्यांखालून गेलंय. हात कसा चालवायचा ते व्हिडिओत कळतं. पण काम घ्यायचं कसं, भाव कसा काढायचा आणि कुठे सरळ 'नाही' म्हणायचं, हे सावकाश वाचूनच डोक्यात बसतं. म्हणून हा लेख. उदाहरण प्रीमियर पद्मिनीचं घेतलंय, कारण आपल्याकडे जुनी गाडी म्हटलं की बऱ्याचदा हीच दारात उभी राहते.

आधी गिऱ्हाईक बघा. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली. टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ही टॅक्सी रस्त्यावरून गेली. टॅक्सीवाल्याचं काम कसं असायचं? एक व्हील सिलिंडर गळतोय, तेवढाच बदला, संध्याकाळी गाडी द्या, बाकीचं पुढच्या महिन्यात. तो दिवसभर गाडीत असायचा, पेडल अर्धा इंच खाली गेलं तरी त्याच्या पायाला कळायचं. आता पद्मिनी घेऊन येणारा माणूस वेगळा आहे. वडिलांची गाडी, सहा वर्षं शेडमध्ये उभी, आता घरातल्या लग्नात काढायचीय किंवा रविवारी लोणावळ्याला न्यायचीय. तो महिन्यातून दोनदा गाडी चालवणार. पेडलमधला फरक त्याला घाट उतरतानाच कळणार, आणि तेव्हा गाडीत त्याची माणसं बसलेली असणार.

म्हणून आमच्या दुकानात एक नियम आहे. "फक्त एअर काढून द्या, पाचशे रुपये घ्या" हे काम आम्ही घेत नाही. लाइनमध्ये एअर आली म्हणजे ती कुठून तरी आत आली. ती वाट बंद न करता एअर काढली, तर चार दिवस पेडल मस्त लागेल. पाचव्या दिवशी काय होईल याची जबाबदारी मात्र तुमच्या नावावर असेल.

उभी गाडी जास्त बिघडते, ती का?

आपण 'ब्रेक ऑइल' म्हणतो, पण डॉट ३ आणि डॉट ४ हे तेल नाहीच. ते ग्लायकॉलवर आधारलेलं रसायन आहे आणि हवेतली ओल शोषून घेतं. नवीन डॉट ३ कमीत कमी २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असं मानक आहे; त्यात ३.७ टक्के पाणी गेलं की हाच आकडा १४० वर येतो. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. घाटात ब्रेक तापले, ऑइल उकळलं, की लाइनमध्ये वाफ होते. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. पेडल थेट खाली.

दुसरं, तेच पाणी सिलिंडरच्या आतल्या भिंतीला गंज आणतं. चालत्या गाडीत रबरी कप त्या भिंतीवर सतत फिरत असतो. उभ्या गाडीत तो एका जागी बसून राहतो आणि त्याच्या पुढे-मागे गंजाचे खड्डे पडतात. अशा सिलिंडरमध्ये नवीन कप टाकला तर खड्डे त्याला खरवडतात आणि महिन्याभरात गळती परत सुरू. सिलिंडर नवीन मिळत असेल तर नवीन घ्या. नसेल तर चांगल्या लेथवाल्याकडून स्लीव्ह मारून घ्या. नुसता पॉलिश पेपर फिरवून 'किट टाकलं' म्हणू नका.

तिसरी जागा सगळ्यात फसवी: रबरी होज. बाहेरून ठणठणीत दिसतो, आतून फुगलेला असतो. पेडल दाबलं की जोरामुळे ऑइल पुढे जातं, सोडलं की परत येत नाही. चाक जाम राहतं, ड्रम तापतो, आणि मिस्त्री बिचारा लायनर घासत बसतो. जुन्या गाडीत होज तपासायचे नसतात, बदलायचे असतात. जाता जाता एक सांगतो: टाकीत कोणी इंजिन ऑइल ओतलंय असा संशय आला (झाकणाचं रबर फुगलेलं आणि मऊ लागतं) तर सिस्टिममधलं प्रत्येक रबर बदलावं लागतं. मिनरल ऑइलने हे रबर फुगतं. नुसतं फ्लश करून ते जुळत नाही.

भाव कसा काढायचा

ब्रेकच्या कामात नवा उद्योजक कुठे मार खातो? मजुरीत तो तास मोजतो, जागा मोजत नाही. समजा तुमचं भाडं, वीज आणि दोन माणसांचे पगार मिळून महिन्याला ६०,००० होतात. कामाचे दिवस २५, गाडी उभी करायच्या जागा दोन. म्हणजे एका जागेचा एका दिवसाचा खर्च १,२०० रुपये. पद्मिनीचे चारही ड्रम उघडले, सिलिंडर लेथवर गेले, आज येतो उद्या येतो करत चार दिवस गेले: ४,८०० रुपये तुमच्या खिशातून. आणि तुम्ही मजुरी सांगितली होती ५,०००. दोनशे रुपयांत जुन्या गाडीचं काम केलं!

यावर दोन उपाय आहेत. पहिला, तपासणीचे वेगळे पैसे घ्या, समजा १,५००, आणि काम तुमच्याकडेच झालं तर ते बिलात वळते करा. या तपासणीत चारही ड्रम उघडायचे, सिलिंडरचे बूट उचलून बघायचे, पाइपचा गंज बघायचा, फोटो काढायचे आणि गिऱ्हाइकाला पाठवायचे. फोटो बघितला की अर्धी घासाघीस तिथेच संपते. दुसरा उपाय, सुटे भाग हातात आल्याशिवाय गाडी कामाच्या जागेवर चढवायची नाही. तोवर ती चाकांवर, बाजूला. आणि उघडलेल्या ब्रेकची गाडी 'हळू घेऊन जातो' म्हणून न्यायला द्यायची नाही, मालक कितीही जवळचा असो.

कोटेशन टप्प्याटप्प्याने द्या, पण सुरक्षेचा टप्पा तोडू नका. म्हणजे असं: होज, सिलिंडर, खराब पाइप, लायनर आणि नवीन ऑइल हे एकत्र एक काम. त्यातलं एखादं गाळून "बाकीचं करा" म्हणाले तर हात जोडायचे. दोन-चार गिऱ्हाइकं जातील. जाऊ द्या.

अपग्रेड: आधी काय, नंतर काय

येणारा प्रत्येक हौशी माणूस पहिलं वाक्य बोलतो, "पुढे डिस्क टाकायच्यात." माझं मत थोडं वेगळं आहे. जुन्या गाड्यांत मास्टर सिलिंडर सिंगल असतो, म्हणजे चारही चाकांना एकच लाइन. एक होज फुटला की चारही ब्रेक गेले, उरला फक्त हँडब्रेक. म्हणून पैसे मर्यादित असतील तर पहिला खर्च टँडम मास्टर सिलिंडरवर करायला सांगा, म्हणजे पुढचे आणि मागचे ब्रेक वेगळे होतात. एक बाजू गेली तरी दुसरी थांबवते. हे बाहेरून दिसत नाही, इन्स्टावर फोटो टाकता येत नाही, त्यामुळे ते विकणं अवघड जातं. तरी विका.

डिस्क टाकायच्याच असतील तर चार गोष्टींचा अभ्यास करूनच हो म्हणा. ड्रमचा पुढचा शू फिरत्या ड्रमबरोबर स्वतःच आत ओढला जातो, त्यामुळे पायाचा जोर कमी लागतो. डिस्कमध्ये ही मदत नाही. बूस्टर नसलेल्या गाडीत डिस्क टाकली की मालक म्हणतो, "ब्रेक आणखी कडक झाले हो!" म्हणजे बूस्टर आलाच, त्याला इंजिनाचा व्हॅक्यूम आला, जागाही आली.

मग मास्टर सिलिंडरचा बोर. कॅलिपरला ऑइल जास्त लागतं म्हणून लोक मोठा बोर टाकतात. १९ मिलिमीटरच्या जागी २२ टाकला तर पेडल कमी खाली जातं खरं, पण त्याच पायाच्या जोराला लाइनमधला दाब पाऊण होतो. हिशेब सोपा आहे, १९ चा वर्ग भागिले २२ चा वर्ग. तिसरी गोष्ट बऱ्याच जणांना माहीतच नसते. ड्रमसाठीच्या अनेक मास्टर सिलिंडरमध्ये एक छोटा व्हॉल्व्ह असतो, तो लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवतो, साधारण १० पीएसआय. तोच दाब डिस्कला गेला तर पॅड कायम घासत राहतात. चौथी गोष्ट, पुढचा आणि मागचा तोल. जोरात ब्रेक लावल्यावर गाडीचं वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात. ती आधी लॉक झाली तर गाडी गोल फिरते.

कागदाचंही बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांविषयी आहे. शिवाय २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांहून जुन्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते, पण चासी, बॉडी आणि इंजिनात मोठे बदल केलेले नसावेत ही अट आहे. म्हणून चासीला वेल्डिंग करून ब्रॅकेट लावायचं काम मी घेत नाही. बोल्टने बसेल आणि बोल्ट काढून मूळ स्थितीत जाईल एवढंच करतो. आरटीओ आणि विमा कंपनीला मालकाने आधी विचारावं, हे कोटेशनवर लिहून सही घ्या.

एअर काढताना

ब्लीडिंगच्या आधी ड्रमचे शू अ‍ॅडजस्ट करा, चाक फिरवून अगदी हलकं घासेल इतके. हे आधी केलं नाही तर एअर सगळी निघाली तरी पेडल खालीच लागतं आणि तुम्ही अर्धा लिटर ऑइल वाया घालवता. नवा मास्टर सिलिंडर असेल तर तो बाकात धरून, दोन छोट्या नळ्या त्याच्याच टाकीत सोडून, आधी तिथेच एअर काढून घ्या.

निपल गंजलेला असेल तर जबरदस्ती नको. आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा, सहा कोनी बॉक्स पाना लावा, उघडा पाना नको. निपल तुटला की ५०० चं काम ३,००० चं होतं.

क्रम लांबून जवळ. मास्टर सिलिंडर उजवीकडे असेल तर मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. पारदर्शक नळीचं एक टोक निपलला, दुसरं बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडलेलं. आत एक माणूस, बाहेर एक. शब्द तीनच: "दाब", "धर", "सोड". 'धर'ला निपल उघडायचा, बुडबुडे जाऊ द्यायचे, निपल बंद झाल्यावरच 'सोड' म्हणायचं. मध्ये फोन घ्यायचा नाही, रेडिओ बंद. टाकीतली पातळी दर पाच-सहा दाबांनी बघा. ती रिकामी झाली तर पहिल्यापासून.

मास्टर सिलिंडर जुनाच ठेवला असेल तर पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा, म्हणजे पेडल तळापर्यंत जाणार नाही. रोजच्या वापरात कप जिथे कधी पोचत नाही तिथे गंज असतो, ब्लीडिंगच्या नादात तो कप तिथे जाऊन फाटतो. आणि बाटलीतलं काढलेलं ऑइल परत टाकीत ओतायचं नाही. ते पेंटवर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग उचलतं.

आता पेडल काय सांगतंय ते ऐका. स्पंजसारखं लागतं: एअर आहे. पहिल्या दाबाला खाली, दुसऱ्या-तिसऱ्याला वर आणि कडक: शू अ‍ॅडजस्ट करा. कडक लागतं पण पाय ठेवला की सावकाश बुडतं: मास्टर सिलिंडरचा कप किंवा कुठेतरी गळती. या तिन्हीला आपल्याकडे "अजून एअर आहे" म्हणायची सवय आहे. त्यातूनच गाडी तीनदा परत येते.

लायनरच्या धुळीबद्दल एक ताकीद. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ड्रममध्ये कॉम्प्रेसरची हवा मारू नका, ओल्या फडक्याने पुसा, पोराला मास्क द्या.

चावी देण्याआधी पेडल जोरात दाबून दोन मिनिटं धरा आणि दुसऱ्याला चारही चाकं, सगळे जोड बघायला सांगा. मग आवारात दहाच्या वेगाने थांबवून बघा, मग रिकाम्या रस्त्यावर, शेवटी मालकाला शेजारी बसवून. काढलेले जुने भाग पिशवीत घालून मालकाला द्या. बिलावर ऑइलचा प्रकार आणि तारीख लिहा, दोन वर्षांनी ऑइल बदलायचं हेही लिहा. ५०० किलोमीटरनंतरची तपासणी आम्ही मूळ भावातच धरतो: पुढचं एक, मागचं एक ड्रम उघडून बूट कोरडे आहेत का ते बघायचं, शू परत अ‍ॅडजस्ट करायचे. अर्ध्या तासाचं काम आहे. तारीख बिल देतानाच डायरीत लिहा आणि फोन तुम्ही करा, मालक स्वतःहून येत नाही.