आजीच्या हाताची चव

मुलांनो, पुण्याहून लोणावळ्याला जाणाऱ्या लोकलमध्ये तुम्ही बसलात, तर वडगावनंतर कान्हे हे लहानसे स्टेशन लागते. हा पुणे जिल्ह्यातला मावळ तालुका. येथे पाऊस भरपूर पडतो, म्हणून शेती मुख्यतः भाताची. प्रसिद्ध 'इंद्रायणी' तांदूळ याच तालुक्यातल्या वडगावच्या भात संशोधन केंद्रात तयार झाला आणि १९८७ साली शेतकऱ्यांच्या हाती आला. गरम भात ताटात असला की, मासे खाणाऱ्या घरांत तळलेल्या तुकडीची आठवण होतेच.

समुद्र सह्याद्रीच्या पलीकडे, घाट उतरल्यावर. मग मावळात मासे कुठले? ते नदीचे, ओढ्याचे आणि धरणांचे. मरळ, वाम, रोहू, कटला ही त्यांची नावे. मृगाचा पहिला पाऊस पडला की काही मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाच्या उलट दिशेने वर चढतात. त्यांना 'चढणीचे मासे' म्हणतात. म्हाताऱ्या माणसांजवळ बसलात, तर त्यांच्या आठवणी तुम्हांला ऐकायला मिळतील.

आज आपण तव्यावर तळलेला तिखट रोहू करायला शिकू या. तेल तापलेले असते, म्हणून घरातले मोठे माणूस जवळ असू द्या.

अर्धा किलो रोहूच्या तुकड्या स्वच्छ धुऊन घ्या. त्यांना एक चमचा मीठ, अर्धा चमचा हळद आणि दोन चमचे चिंचेचा कोळ चोळा. नदीतल्या माशाला कधी कधी मातकट वास येतो. आंबट पदार्थामुळे तो कमी होतो. पंधरा मिनिटांनी सुटलेले पाणी काढून टाका. आता आठ-दहा लसूण पाकळ्या, बोटाच्या पेराएवढे आले आणि दोन हिरव्या मिरच्या वाटा. या वाटणात दोन चमचे लाल तिखट मिसळा. ते तुकड्यांना दोन्ही बाजूंनी लावून अर्धा तास ठेवा.

अर्धी वाटी तांदळाच्या पिठात दोन चमचे रवा मिसळा. तव्यावर चार चमचे तेल तापवा. तुकड्या पिठात घोळवून तव्यावर अलगद सोडा. आच मध्यम ठेवा आणि चार-पाच मिनिटे तुकडीला हात लावू नका. पीठ कडक झाले की ती तव्यापासून आपोआप सुटते. घाई केली तर ती चिकटते आणि मोडते. मग ती उलटा आणि दुसरी बाजूही तेवढाच वेळ तळा. रोहूला बारीक काटे फार असतात. म्हणून सावकाश खा. लहान भावंडांना काटे काढून द्या.

ही झाली कृती. पण आता आजीला विचारा, "तिखट किती घालायचे?" ती म्हणेल, "अंदाजाने." तुमच्या घरी तिला दादी किंवा नानी म्हणत असतील, उत्तर तेच मिळेल. 'अंदाज' हा शब्द फारसीतून मराठीत आला. उर्दूत 'अंदाज' म्हणजे ढब, रीत आणि 'अंदाजा' म्हणजे अटकळ. मराठीत अंदाज म्हणजे अटकळच. पण आजीच्या हातात दोन्ही असतात. किती घालायचे हे तिला ठाऊक असते आणि कसे घालायचे ही रीतही तिचीच असते. तिने हे आपल्या आईजवळ बसून पाहिलेले असते. कागदावर मात्र एक ओळही नसते. म्हणूनच एखाद्या घरातली आजी जाते आणि तिच्याबरोबर त्या घराची चवही जाते. मग सगळे म्हणतात, "तसा मासा पुन्हा खाल्ला नाही."

लिहिलेले मात्र टिकते. सुमारे ५०० वर्षांपूर्वी माळव्यातल्या मांडू येथे सुलतानासाठी 'निमतनामा' हा पाककृतींचा ग्रंथ फारसीत लिहिला गेला. त्यात आले आहे, मिरी आहे, पण मिरची नाही. कारण मिरची मूळची अमेरिकेतली. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांमार्फत ती आपल्याकडे आली. तेव्हाच्या स्वयंपाकघरात काय होते आणि काय नव्हते, हे आज आपल्याला कळते. कारण कोणीतरी ते लिहून ठेवले. मराठीत १९७० साली कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' हे पुस्तक निघाले. त्यात त्यांनी प्रमाण वाटी-चमच्यात सांगितले, म्हणून नवशिक्यालाही पदार्थ जमू लागले.

हे काम तुम्हीही करू शकता. आजी मुठीत तिखट घेईल, तेव्हा हळूच वाटी पुढे करा. ते चमच्याने मोजा आणि वहीत लिहा. मासा नाही, तर डाळ असेल, खीर असेल. पदार्थ कोणताही असो. तो तिला कोणी शिकवला, कोणत्या दिवशी घरात होत असे, तेव्हा पंक्तीला कोण कोण बसत असे, तेही विचारा. मराठीत लिहा किंवा उर्दूत लिहा. पण ती सांगू शकते तोवर लिहा.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'चढणीचे मासे' कोणाला म्हणतात?
(आ) माशाला चिंचेचा कोळ का लावतात?
(इ) 'निमतनामा' या ग्रंथात मिरची का नाही?

२. तीन-चार वाक्यांत उत्तर लिहा.
'आजी जाते आणि तिच्याबरोबर त्या घराची चवही जाते,' असे लेखात का म्हटले आहे?

३. तवा, मसाला, अंदाज हे शब्द मराठीत व उर्दूत दोन्हीकडे आहेत. तुमच्या स्वयंपाकघरातले असे आणखी पाच शब्द शोधा.

४. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला विचारून एका पदार्थाची कृती प्रमाणासह मराठीत लिहा.