पाचच विद्यार्थी का पुरतात?

प्रश्न : आमच्या गावात मराठी भाषा विद्यापीठ आलं आहे. विद्यार्थ्यांना अडलेल्या विषयात मदत करणारं केंद्र विद्यापीठांत असतं आणि त्याची वेगळी वेबसाइट असते, असं माझा पुतण्या सांगतो. तो संगणकाचं शिकतो. त्याचं म्हणणं, अशी वेबसाइट तयार करताना चार-पाच विद्यार्थ्यांना बोलावतात, तिच्यावर एखादं काम करायला सांगतात आणि बाजूला गप्प बसून बघतात. मला हे पटत नाही. शेकडो विद्यार्थ्यांसाठीची वेबसाइट पाच जणांवरून कशी ठरणार? आणि बघत बसण्यापेक्षा सगळ्यांना फॉर्म देऊन ‘कशी वाटली’ असं विचारलं, तर काहून चालत नाही?
— एक वाचक, रिद्धपूर

उत्तर : पुतण्याचं म्हणणं बरोबर आहे आणि तुमची शंकाही रास्त आहे. गुंता एवढाच, की तुम्ही दोघं दोन वेगळ्या कामांबद्दल बोलता आहात. किती जणांना वेबसाइट आवडली हे मोजायचं असेल, तर पाच माणसं अगदीच अपुरी. तिथे शेकडोच लागतील. पण वेबसाइटमध्ये कुठे अडखळायला होतं हे शोधायचं असेल, तर पाच जण पुष्कळ काही दाखवून देतात.

पाचाचा हा आकडा आला कुठून ते आधी पाहू. जेकब नील्सन आणि टॉम लँडॉअर या दोन अभ्यासकांनी १९९३ साली अशा बऱ्याच चाचण्यांचा हिशेब मांडला. त्यांना दिसलं, की एक माणूस सरासरीने एकूण अडचणींपैकी ३१ टक्के अडचणी उघड करतो. दुसरा माणूस त्यांतल्या काही पुन्हा दाखवतो आणि काही नव्या. तिसऱ्याकडून नव्या आणखी कमी मिळतात. असं करत पाचव्यापर्यंत साधारण ८५ टक्के अडचणी समोर येतात. त्यापुढे सहावा, सातवा, आठवा बसवला तरी बहुतेक वेळा आधीचंच पुन्हा ऐकू येतं. म्हणून नील्सनचा सल्ला असा : पंधरा माणसं मिळणार असतील, तर पंधरांची एकच चाचणी घेऊ नका. पाचांची घ्या, सापडलेले दोष दुरुस्त करा, मग पुढच्या पाचांना बसवा, आणि शेवटी उरलेल्या पाचांना.

पण ३१ टक्के ही सरासरी आहे, नियम नव्हे. लॉरा फॉकनर या संशोधिकेने २००३ मध्ये साठ जणांची चाचणी घेतली आणि त्यांतून पाच-पाचांचे गट काढून पाहिले. सरासरी ८५ टक्क्यांच्याच आसपास आली. एखाद्या गटाला मात्र जवळजवळ सगळे दोष सापडले, तर एखाद्याला जेमतेम ५५ टक्के. म्हणजे कोणते पाच बसवले याला फार महत्त्व आहे.

आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात. ती खरी ठरते, कारण सगळा भात एकाच पातेल्यात, एकाच आचेवर शिजलेला असतो. पातेली दोन असतील तर दोन्हींतलं शीत बघावं लागतं. विद्यापीठातही पातेली अनेक असतात. वसतिगृहात राहणारा, हातात लॅपटॉप असलेला मुलगा हे एक. मोर्शीहून किंवा चांदूर बाजारहून एसटीने येणारी, घरच्यांबरोबर एकच फोन वापरणारी मुलगी हे दुसरं. नोकरी करून पुन्हा शिकायला आलेले चाळिशीतले गृहस्थ हे तिसरं. ज्याला दिसत नाही आणि जो फोनकडून मजकूर वाचून घेतो, तो विद्यार्थी चौथं. पाचही जण वसतिगृहातले घेतले, तर वेबसाइट निर्दोष वाटेल आणि एसटीतली मुलगी पहिल्याच दिवशी अडकेल. प्रत्येक गटातले तीन-चार जण बसवले तर आकडा थोडा वाढतो, पण शेकड्यांत जात नाही.

आता फॉर्मकडे येऊ. फॉर्म वाईट नाही, पण तो भलत्याच प्रश्नाचं उत्तर देतो. ‘वेबसाइट कशी वाटली?’ असं विचारलं की आपली मुलं ‘छान आहे’ म्हणतात. त्यात खोटेपणा नसतो. समोरच्याने मेहनत केली आहे, त्याचं मन कशाला मोडायचं, असा आपला रिवाज. शिवाय जिथे अडखळलो ते माणूस पाच मिनिटांत विसरतो किंवा ‘आपल्यालाच जमलं नाही’ असं समजून गप्प बसतो. अभ्यासात आधीच मागे पडल्याची टोचणी असलेला विद्यार्थी तर हमखास स्वतःलाच दोष देतो. आणि ही वेबसाइट नेमकी त्याच्यासाठी आहे.

म्हणून हात बघायचे, मत नंतर विचारायचं. तुमच्या गावाला हे नवं नाही. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या लीळा तुमच्याच गावी लिहून काढल्या, तेव्हा ज्यांनी ते प्रसंग प्रत्यक्ष पाहिले होते त्यांना गाठून विचारलं. आणि सांगणाऱ्यांच्या आठवणींत फरक पडला, तिथे तो फरकही नोंदला. चाचणीच्या टिपणवहीतही हीच शिस्त हवी. ‘विद्यार्थी गोंधळला’ असं लिहायचं नाही, कारण तो आपला निष्कर्ष झाला. ‘वेळापत्रक शोधताना तीनदा मुख्य पानावर परत आला आणि म्हणाला, इथं तर नुसते फोटोच आहेत’ असं लिहायचं.

काम कसं द्यायचं यातही एक खाच आहे. ‘नोंदणीचं बटण दाबा’ असं सांगितलं की डोळे ‘नोंदणी’ हा शब्द शोधतात आणि दाबतात. त्यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी प्रसंग द्यावा : ‘परवा व्याकरणाचा पेपर आहे. समास डोक्यात शिरत नाहीत. उद्या दुपारनंतर कुणाला तरी विचारायचं आहे. काय कराल?’ आणि मनात येईल ते बोलत राहायला सांगावं. सुरुवातीलाच स्पष्ट करावं, की परीक्षा वेबसाइटची आहे, तुमची नाही. तरीही मूल अडलं की आपल्याकडे बघतं, ‘सर, इथं दाबू का?’ म्हणतं. त्या वेळी हात आवरणं फार अवघड जातं, शिक्षकाला तर जास्तच. पण उत्तर द्यायचं नाही. ‘मी इथं नसतो तर काय केलं असतं?’ एवढंच विचारायचं. फोन विद्यार्थ्याचा स्वतःचा असावा. केंद्रातला नवा, मोठ्या पडद्याचा संगणक देऊ नये. आवाज किंवा पडदा टिपायचा असेल तर आधी परवानगी घ्यावी. अर्धा तास पुरतो.

अशा चाचण्यांत काय सापडतं? रंग आणि चित्रं यांच्याबद्दल लोक खूप वाद घालतात, पण मुलं तिथे क्वचित अडतात. ती अडतात शब्दांवर. आपल्या महाविद्यालयांत कच्च्या विद्यार्थ्यांसाठीच्या वर्गाला ‘उपचारात्मक अध्यापन’ म्हणण्याची रीत आहे. कार्यालयाच्या फायलीत ते शोभतं. मुख्य पानावर मात्र ते वाचून एकाला वाटतं की हे दवाखान्याचं काही असावं, आणि दुसऱ्याला वाटतं की इथे बोट ठेवलं तर आपण ‘ढ’ ठरू. ‘शिकवणी’ लिहावं, तर पैसे लागतील असं वाटतं. ‘अडलंय? इथे विचारा. मोफत’ असं साधं वाक्य बहुधा जास्त चालेल. पण ‘बहुधा’ म्हणायलाही मी कचरतो, कारण हे ठरवायचं विद्यार्थ्यांसमोर ठेवूनच. चिठ्ठ्यांवर सगळी नावं लिहून द्यावीत आणि कोणत्या नावाखाली काय मिळेल असं वाटतं, ते त्यांना मांडायला सांगावं. चिठ्ठ्या आणि टेबल यांपलीकडे त्याला काही लागत नाही.

दुसरी अडचण क्रमाची. मदत मागायला आलेल्याला पाच गोष्टी हव्या असतात : केंद्र कुठे आहे, कधी उघडं असतं, माझा विषय शिकवणारं कुणी आहे का, पैसे पडतात का, आणि येताना काय आणायचं. त्याऐवजी आधी मान्यवरांची छायाचित्रं, मग ध्येय आणि उद्दिष्टं, मग उद्घाटनाचं वृत्त, आणि वेळापत्रक सर्वांत खाली, तेही कागद स्कॅन करून चढवलेलं. स्कॅन केलेला कागद म्हणजे नुसतं चित्र. फोनवर तो बोटांनी ताणून वाचावा लागतो, शोधखिडकीला त्यातलं अक्षर सापडत नाही, आणि फोनकडून वाचून घेणाऱ्याला तर काहीच ऐकू येत नाही. तसंच, वेळापत्रक बघण्याआधीच नाव-पासवर्ड मागणं. कुणी नुसतं डोकावायला आलं असेल, तर ते तिथूनच परत फिरतं.

मराठीच्या काही खास अडचणीही असतात आणि इंग्रजीवरून बेतलेले तयार आराखडे त्या लक्षात घेत नाहीत. देवनागरीत वेलांटी आणि मात्रा वर जातात, उकार खाली येतो. ओळींमधलं अंतर इंग्रजीइतकंच ठेवलं तर वरच्या ओळीचे उकार खालच्या मात्रांना भिडतात. मथळा उठून दिसावा म्हणून अक्षरांमध्ये मोकळी जागा सोडली, की शिरोरेघ तुटून शब्द सुटा होतो. जुना मजकूर श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या पद्धतीने टाइप केलेला असेल, तर तो आधी युनिकोडमध्ये आणावा लागतो. नाहीतर तो फॉन्ट नसलेल्या फोनवर नुसती निरर्थक चिन्हं उमटतात. आणि शोधखिडकी सढळ हवी. कुणी ‘रिद्धपूर’ लिहितं, कुणी ‘रिद्धपुर’, पोथ्या वाचणारं ‘ऋद्धिपूर’, आणि घाईतलं कुणी रोमन अक्षरांत. चौघांनाही एकच उत्तर मिळायला हवं. ‘तऱ्हा’, ‘दुसऱ्या’ यांतला ऱ संगणकात दोन प्रकारे साठवता येतो, एकाच खुणेने किंवा र आणि नुक्ता मिळून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण न शिकवलेल्या शोधखिडकीला ते दोन वेगळे शब्द वाटतात.

मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडातला फरक किमान साडेचारास एक असावा, असं वेबसाइट सर्वांना वापरता यावी म्हणून केलेले आंतरराष्ट्रीय निकष सांगतात. फिकट राखाडी अक्षरं खोलीत देखणी दिसतात; वऱ्हाडच्या मे महिन्यात बसथांब्यावर ती दिसतच नाहीत. म्हणून एखादी चाचणी बाहेर उन्हात घ्यावी.

पुतण्याने बहुधा सांगितलं नसेल, पण पहिली चाचणी वेबसाइट तयार होण्याआधीच घेता येते. पाच-सहा कागदांवर पानं हाताने रेखाटायची. विद्यार्थी कागदावरच्या चौकटीवर बोट ठेवतो आणि दुसरा माणूस पुढचा कागद समोर सरकवतो. हे खेळासारखं दिसतं, पण याचे दोन मोठे फायदे आहेत. कागद फाडून नवा काढायला दोन मिनिटं लागतात, तेच तयार वेबसाइट बदलायला आठवडे. आणि पेन्सिलीने काढलेल्या गोष्टीला नावं ठेवायला मुलांना संकोच वाटत नाही. झगमगीत तयार पान समोर आलं की ‘छान आहे’ सुरू होतं.

त्याच्याही आधी एकाला नक्की भेटावं : केंद्राच्या किंवा विभागाच्या कार्यालयात फोन उचलणाऱ्याला. विद्यार्थी रोज काय विचारतात, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. वेबसाइट सुरू झाल्यावरही त्याच्याकडे जावं. ‘आज सर आहेत का?’ असे फोन पूर्वीइतकेच येत असतील, तर वेळापत्रक अजून कुणाला सापडत नाही असं समजावं.

शेवटी, तुम्ही विचारलं नाही, पण तुमच्या प्रश्नाला लागूनच येतं ते : वेबसाइट प्राध्यापकांना दाखवावी की नाही? जरूर दाखवावी. मजकुरात विषयाची चूक असेल तर ती त्यांनाच दिसेल. पण ते विद्यार्थ्यांच्या जागी बसू शकत नाहीत, कारण केंद्र कुठे आहे आणि समास कोण शिकवतं हे त्यांना आधीच माहीत असतं. त्यांची चाचणी वेगळ्या पानाची घ्यावी. शिकवणाऱ्याला आपली मोकळी वेळ टाकायची असते, रजा घेतली तर ती काढायची असते, आणि आलेली नोंद रद्द करून त्या मुलाला कळवायचं असतं. हे पान किचकट असलं तर वेळा भरल्याच जात नाहीत, आणि विद्यार्थ्याला पुढच्या बाजूला कोरं वेळापत्रक दिसतं. तेव्हा पुतण्याला सांगा, तीन-चार शिकवणाऱ्यांनाही बसव, आणि त्यांच्यासमोरही तसाच गप्प बस.