बन्सी रवा, वाघ्या घेवडा आणि इटलीचा स्वयंपाक

माझं माहेर कोरेगावचं, सासर सांगलीचं. इटालियन स्वयंपाक मी या दोन घरांतल्या डब्यांवर शिकले. त्यातून जे हाती लागलं, ते हे.

१. आधी विचारावं, इटलीतला कुठला?
हा देश १८६१ साली एक झाला. चुली मात्र प्रांतोप्रांतीच्या राहिल्या. उत्तरेत लोणी, तांदूळ, मक्याचं पीठ. दक्षिणेत ऑलिव्हचं तेल, कडक गहू, टोमॅटो. उत्तरेतल्या बोलोन्याकडच्या ताज्या पास्त्यात अंडी पडतात, दक्षिणेतल्या पुलियात नुसता रवा आणि पाणी. शाकाहारी घरानं दक्षिणेकडूनच सुरुवात करावी.

२. मैदा नको, बन्सी रवा आणा.
बन्सी म्हणजे ड्युरम जातीचा गहू. इटलीत सुका पास्ता ड्युरमचाच असावा, असा कायदा १९६७ पासून आहे. रवा मिक्सरला फिरवून बारीक करायचा. २०० ग्रॅमला साधारण १०० मिली कोमट पाणी, दहा मिनिटं चांगलं रगडून मळायचं, मग ओल्या फडक्याखाली अर्धा तास.
पुलियातल्या बारी शहरात जुन्या गल्लीतल्या बायका दाराशी बसून ओरेक्किएत्ते वळतात. पिठाची बोटभर जाड वळी, तिचे तुकडे, आणि प्रत्येक तुकडा बोथट सुरीनं ओढून अंगठ्यावर उलटा. सासूबाईंनी एकदा पाहिलं आणि सुरी बाजूला सारली. रुखवतासाठी गव्हले, मालत्या, नखुल्या वळलेला हात तो! अंगठ्याच्या एका दाबात कानाच्या पाळीसारखी वाटी तयार. मधे पातळ, कडेला जाड, वरून खरखरीत. तेल-मसाला धरून ठेवायला हा खरखरीतपणाच लागतो. बारीत यात कडवट पालेभाजी पडते. आम्ही मुळ्याचा पाला घालतो, तेलात लसूण आणि सुकी मिरची. उकळत्या पाण्यात लिटरला १० ग्रॅम मीठ हवंच. वरून घातलेलं मीठ आत मुरत नाही.

३. खपली फक्त खिरीची नाही.
सांगलीकडे खपली म्हटलं की गुळाची खीर. तिकडे टस्कनीच्या गार्फान्याना खोऱ्यातही हाच टरफलाचा गहू पिकतो, त्याला १९९६ पासून युरोपचं भौगोलिक मानांकन आहे. तिथलं सूप खपली आणि घेवड्याचं. तो घेवडा आमच्या कोरेगावच्या वाघ्याचा सख्खा भाऊ वाटावा, तशाच लाल रेघा. वाघ्यालाही २०१६ मध्ये मानांकन मिळालं. घेवडा रात्री भिजत घालायचा, शिजला की निम्मा घोटायचा, त्यातच कांडलेली खपली शिजवायची. रोझमेरी असली तर एक काडी, नसली तर नुसता लसूण. वाढताना कच्चं ऑलिव्ह तेल. पावसाळ्यात रात्रीचं जेवण म्हणून एवढंच पुरतं.

४. कृष्णाकाठची वांगी, तासगावचे बेदाणे.
सिसिलीच्या कापोनातात वांगी तळून टोमॅटो, कांदा, सेलरी, ऑलिव्ह, व्हिनेगर आणि साखरेत मुरवतात. काही घरांत बेदाणेही घालतात. मी घालतेच. दुसऱ्या दिवशी गार खावं, ज्वारीच्या भाकरीबरोबर.

५. हॉटेलात आग्लियो ए ओलियो मागवावं.
पाचगणी असो की हायवेवरचं हॉटेल, व्हाइट सॉस आणि चीजच्या थराखाली काहीही खपतं. आग्लियो ए ओलियोत लसूण, तेल, मिरची आणि पास्ता, बस. लसूण करपला किंवा पास्ता मऊ पडला तर पहिल्या घासात कळतं.

६. चीजचं आधी सांगावं.
सांगलीत जैन घरं पुष्कळ, त्यामुळे हे महत्त्वाचं. खरं पार्मेजान वासराच्या जठरातल्या रेनेटनं विरजतात, म्हणून ते शाकाहारी नाही. पाहुण्यांना हे न सांगता वाढणं मला पटत नाही. दक्षिण इटलीतल्या गरीब घरांत चीज परवडत नसे, तेव्हा शिळ्या पावाचा चुरा तेलात खरपूस भाजून पास्त्यावर भुरभुरवत. शेजारच्या काकूंसाठी मी तोच करते. कांदा-लसूण नाही, फक्त सुकी मिरची आणि लिंबाची किसलेली साल. चुरा सतत हलवावा लागतो आणि बदामी झाला की लगेच ताटलीत काढावा, नाहीतर तापलेल्या कढईतच जळतो.