पणजीचं कुंकू काळं का?

प्रश्न : आमचं घर मुर्धा गावातलं. आजीच्या पंचाहत्तरीसाठी मी स्क्रॅपबुक करतेय. गावाचे, मिठागरांचे, घरातल्या माणसांचे मोबाइलवर काढलेले फोटो अ‍ॅपमधून 'व्हिंटेज' करून घेतले. पण पणजीचा स्टुडिओत काढलेला एकुलता एक फोटो आहे, त्याच्याशेजारी ते ठेवले की सोंग घेतल्यासारखे दिसतात. असं का होतं? आणि जाता जाता, पणजीच्या फोटोत तिचं कुंकू काळंकुट्ट का आलंय? लुगडंही काळंच दिसतं.
– एक वाचक, मुर्धा (मीरा-भाईंदर)

उत्तर : जाता जाता विचारलेला प्रश्नच आधी घेते. पहिल्याचं बरंचसं उत्तर त्यातच आहे.

फोटो टिपणाऱ्या सुरुवातीच्या काचांना फक्त निळा-जांभळा उजेड दिसायचा. 1873 साली हेर्मान फोगेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने काचेवरच्या लेपात रंगद्रव्य मिसळून तिला हिरवा रंग दिसेल अशी सोय केली. तांबडा मात्र तिला दिसेना. अशा काचांना आणि फिल्मना 'ऑर्थोक्रोमॅटिक' म्हणतात. तांबडासुद्धा टिपणाऱ्या पॅनक्रोमॅटिक काचा 1906 पासून विकत मिळू लागल्या, तरी ऑर्थोची सद्दी लगेच संपली नाही. ऑर्थो फिल्म लाल दिव्याच्या उजेडात डोळ्यांसमोर धुता येई. पॅनक्रोमॅटिकसाठी अंधारात चाचपडावं लागे. तर, ज्या फिल्मला लाल दिसतच नाही, तिच्या निगेटिव्हवर लालाच्या जागी काही उमटत नाही, आणि कागदावर तिथे काळं येतं. पणजीचं कुंकू असं काळं झालं असणार. त्याच कारणाने जुन्या फोटोंत सावळे चेहरे आणखी सावळे दिसतात आणि निळं आभाळ कोऱ्या कागदासारखं पांढरं.

आता तुमचं अ‍ॅप काय करतं बघा. ते फोटोतला रंग काढून टाकतं आणि वर तपकिरी पाणी फिरवतं. त्याच्या हिशोबात कुंकू मधल्या करड्या छटेचं राहतं, आभाळातले ढगही जिथल्या तिथे राहतात. मोबाइलला सगळे रंग दिसले होते, हे लपत नाही. त्यामुळे आधी ठरवा की फोटो कुठल्या काळातला दिसायला हवा, आणि त्या काळच्या फिल्मला जे दिसत नव्हतं ते काढून घ्या. स्नॅपसीडमध्ये कृष्णधवल करताना रंगाचा फिल्टर निवडता येतो, तिथे निळा किंवा हिरवा घ्या. संगणकावर गिंप हे मोफत सॉफ्टवेअर असेल तर त्यातल्या 'मोनो मिक्सर'मध्ये लाल शून्यावर आणा आणि हिरवा-निळा निम्मा-निम्मा ठेवा. मिठागराच्या फोटोवर हे आधी करून पाहा. आभाळ उजळून मिठाच्या राशींशी एकरूप होतं आणि राशीशेजारचा माणूस ठसठशीत उठून येतो.

दुसरा घोटाळा तपकिरी रंगाचा. 'सेपिया' हे माकुलाचं लॅटिन नाव. उत्तनच्या कोळणीकडून तुम्ही माकूल आणत असाल, तर साफ करताना फुटणारी शाईची पिशवी तुम्हाला माहीत असेलच. त्या शाईपासून चित्रकारांचा तपकिरी रंग बनायचा. फोटोत मात्र माकुलाचा थेंबही नसतो, नुसतं रंगाचं नाव उसनं घेतलंय. फोटोतली प्रतिमा चांदीच्या कणांची असते. ती आधी रसायनाने फिकी करायची, मग सोडियम सल्फाइडच्या पाण्यात बुडवायची, की चांदीचं सिल्व्हर सल्फाइड होतं. ते तपकिरी असतं आणि चांदीपेक्षा जास्त टिकतं. म्हणजे बऱ्याच फोटोंचा तपकिरीपणा म्हाताऱ्या कागदाचा नव्हे, फोटोग्राफरने मुद्दाम दिलेला. (मी एकदा हौसेने बाल्कनीत हा उद्योग केला होता. शेजारीण नासक्या अंड्यांची चौकशी करून गेली.) 1850 नंतर गाजलेल्या अल्ब्युमेन कागदाची गोष्ट निराळी. त्यावर अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर असे, आणि तो मात्र खरोखरच वयाने पिवळा पडतो.

नक्कल करणाऱ्याला यातली एक बारीक गोष्ट उपयोगी पडते. प्रतिमा फिकी करताना उजळ भाग आधी फिके होतात, गडद भाग मागाहून. फोटोग्राफरने अर्ध्यात थांबवलं, तर गालावर, पदरावर तपकिरी येतं आणि केसांत, सावल्यांत काळं तसंच राहतं. म्हणून सॉफ्टवेअरच्या 'कर्व्ह' या सोयीत जाऊन उजळ टोकाकडे निळा थोडा उतरवा, लाल किंचित चढवा आणि गडद टोकाला हात लावू नका. सगळीकडे सारखा फासलेला तपकिरी हाच सोंगाचा मुखवटा.

धूसरपणा, ओरखडे, फुटलेले कोपरे हे आयते थर तर घेऊच नका. स्टुडिओतला मोठा कॅमेरा मोठ्या काचेवर फोटो घ्यायचा, आणि काच कागदावर ठेवून तेवढ्याच आकारात छापलं जाई. त्यामुळे असे फोटो कमालीचे स्पष्ट असतात. पणजीचा फोटो भिंगाखाली धरून बघा, लुगड्याचं सूत मोजता येईल. आणि नकली ओरखडा प्रत्येक फोटोवर त्याच जागी येतो, हे तुमच्या आजीच्याही नजरेतून सुटणार नाही.

हाताने रंगवलेल्या फोटोची हौस आपल्याकडे जुनी. फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे 1854 साली निघाली; डॉ. भाऊ दाजी लाड यांचे भाऊ नारायण दाजी हे तिच्या भारतीय सभासदांपैकी एक आणि स्वतः उत्तम छायाचित्रकार. पुढे आपल्या स्टुडिओंत फोटोवर रंग चढवणारे चित्रकार बसू लागले. काहींनी तर एवढा जाड रंग लावला की खालचा फोटो शोधावा लागतो. तुम्ही मात्र हात आखडता ठेवा. तपकिरी फोटोवर नवा थर घ्या, त्याची पद्धत 'कलर' ठेवा, तीव्रता 20 ते 30 टक्के, आणि गाल, काठ, गजरा एवढंच रंगवा. डोळे आणि आभाळ सोडून द्या. तपकिरी पाया कातडीला आपोआप ऊब देतो, म्हणूनच जुने कारागीरही बहुधा आधी फोटो तपकिरी करून घेत.

तुमच्या आईबाबांच्या लग्नाच्या काळाचा थाट हवा असेल, तर यातलं काहीच चालणार नाही. तेव्हाचे रंगीत फोटो तीन रंगद्रव्यांचे, आणि अल्बमच्या अंधारातही त्यातलं निळसर-हिरवं द्रव्य आधी विरलं. म्हणून ते फोटो आज तांबूस दिसतात. 'कर्व्ह'मध्ये लाल रंगाचं फक्त गडद टोक वर उचला. काळे केस तांबूस झाले की समजा जमलं.

छपाईचं थोडक्यात : मॅट कागद, 4 बाय 6 इंचांसाठी निदान 1200 बाय 1800 पिक्सेल, भोवती पाव इंच पांढरी पट्टी. स्क्रॅपबुकचा कागद आम्लविरहित घ्या, डिंकाऐवजी त्रिकोणी कॉर्नर वापरा आणि पानांमध्ये बटर पेपर ठेवा. पणजीचा अस्सल फोटो अजिबात चिकटवू नका. खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न मारता त्याचा फोटो काढून प्रत लावा. प्रत्येक नव्या फोटोच्या मागे पेन्सिलीने खरं साल लिहा, नाहीतर तुमचीच नातवंडं फसतील.

पणजीच्या त्या प्रतीवर रंग भरायचा मोह तुम्हाला होणारच. त्यापूर्वी आजीला विचारून घ्या. फोटोत काळं दिसणारं लुगडं मुळात लालही असू शकतं, गडद हिरवंही किंवा खरंच काळं. फिल्म यात काहीच सांगू शकत नाही. घरात ते वाळत घातलेलं आजीने पाहिलं असेल.