नाळेची निगा आणि परिचारिकांचे ज्ञान

जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांत दगावणाऱ्या बालकांचे दर हजार जिवंत जन्मांमागील प्रमाण म्हणजे नवजात मृत्युदर. नमुना नोंदणी पद्धतीनुसार २०२० मध्ये भारताचा हा दर २० होता, तर अर्भक मृत्युदर २८. म्हणजेच वर्षाच्या आत दगावणाऱ्या दर दहा बालकांपैकी सात पहिल्या चार आठवड्यांतच जातात. त्याच वर्षी नवजात मृत्युदर केरळात ४, तर मध्य प्रदेशात ३१ होता. शाश्वत विकास उद्दिष्टांप्रमाणे २०३० पर्यंत तो १२ किंवा त्याहून खाली यावयाचा आहे. परीक्षार्थी हे आकडे पाठ करतात. त्यांमागील एक लहानशी बाब, नाळेची निगा, मात्र सहसा अभ्यासात येत नाही.

नाळ कापल्यावर बेंबीशी उरणारा देठ साधारणतः पाच ते पंधरा दिवसांत वाळून गळतो. तोवर जंतूंना थेट रक्तात शिरण्याची ती एक वाट असते. गंजके पाते, मळका दोरा, देठावर लावलेले शेण किंवा राख यांतून पूर्वी धनुर्वात होत असे. गर्भवतींचे लसीकरण व स्वच्छ प्रसूती यांच्या बळावर भारतातून माता व नवजात धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे २०१५ मध्ये मान्य झाले. (येथे निर्मूलन म्हणजे रोग नाहीसा होणे नव्हे, प्रत्येक जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागे नवजात धनुर्वाताचा एकाहून कमी रुग्ण, एवढाच त्याचा अर्थ आहे. उत्तरपत्रिकेत येथे गफलत होते.) इतर जंतुसंसर्गांचा धोका मात्र टळलेला नाही.

जननी सुरक्षा योजना २००५ मध्ये सुरू झाली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणांनुसार २००५-०६ मध्ये ३८.७ टक्के असलेल्या संस्थात्मक प्रसूती २०१९-२१ मध्ये ८८.६ टक्क्यांवर गेल्या. सुईणीच्या हातची नाळ परिचारिकेच्या हाती आली. म्हणून तिला काय ठाऊक आहे, हा विकासाच्या अर्थशास्त्राचाही प्रश्न ठरतो.

तिला ठाऊक असावयाचे ते थोडकेच आहे: हात धुणे, निर्जंतुक पाते व चिमटा वापरणे, बाळ सुस्थितीत असल्यास एक ते तीन मिनिटांनी नाळ बांधणे, लंगोट देठाच्या खाली दुमडणे, देठ कोरडा व उघडा ठेवणे आणि त्याला काहीही न लावणे. खरी अडचण या शेवटच्या सूचनेत आहे. एके काळी देठाला स्पिरिट किंवा जेन्शन व्हायोलेट लावणे हीच चांगली निगा समजली जाई. त्या काळात शिकलेली अनुभवी परिचारिका अज्ञानी नसते. तिचे ज्ञान जुने झालेले असते. नवे शिकविण्यापेक्षा जुने सोडविणे अवघड, आणि काहीतरी करण्यापेक्षा काही न करण्यास सांगणे त्याहून अवघड.

शिवाय योग्य उत्तर सर्वत्र सारखे नाही. नेपाळमधील सरलाही जिल्ह्यातील अभ्यासात (२००६) देठाला क्लोरहेक्झिडिन लावल्याने नवजात मृत्यू सुमारे चतुर्थांशाने घटले. पुढे झांबिया व टांझानियातील पेम्बा येथील अभ्यासांत तसा लाभ दिसला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये हे औषध नवजात मृत्युदर ३० किंवा अधिक असलेल्या भागांतील घरच्या प्रसूतींसाठी सुचविले होते. २०२२ मध्ये ती शिफारस, देठावर शेणासारखे अपायकारक पदार्थ लावण्याची प्रथा असलेल्या भागांपुरतीच ठेवली. एरवी स्वच्छता आणि कोरडेपणा पुरेसा मानला जातो.

परिचारिकांच्या ज्ञानाची मोजणी बहुधा प्रश्नावलीने होते: आधी चाचणी, मग शिकवणी, मग तीच चाचणी. गुण वाढतात, यात नवल नाही. तुलनेसाठी दुसरा गट नसेल, तर अशा अभ्यासातून स्मरणशक्तीपलीकडे फारसे काही मोजले जात नाही, असे माझे मत आहे. याउलट उत्तर प्रदेशातील २४ जिल्ह्यांच्या १२० आरोग्य केंद्रांत सुरक्षित प्रसूतीच्या तपासणी-सूचीचा प्रयोग झाला (निष्कर्ष २०१७). तेथे प्रत्यक्ष कृतीचे निरीक्षण केले गेले. मार्गदर्शक केंद्रात येत होते तेव्हा, दोन महिन्यांनी, आवश्यक कृतींपैकी ७३ टक्के पार पडत होत्या. तुलनेच्या गटात ४२ टक्के. मार्गदर्शन आठ महिन्यांनी थांबले आणि बाराव्या महिन्यात हे प्रमाण ६२ व ४४ टक्के झाले. मृत्यूंच्या प्रमाणात मात्र दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. कृती सुधारली म्हणजे जीव वाचलाच असे नाही, हा कटू निष्कर्षही उत्तरात लिहावयास हवा.

नाळेच्या निगेचा साहित्यखर्च जवळजवळ शून्य आहे. दुर्मीळ आहे तो परिचारिकेचा वेळ. रात्रपाळीत एकटीच असलेली परिचारिका दोन प्रसूतींच्या मध्ये हात धुते की नाही, हे तिच्या ज्ञानाइतकेच नळाला पाणी असण्यावरही ठरते.

त्यात बाळंतीण दोन-तीन दिवसांत घरी जाते, तेव्हा देठ गळालेला नसतो. घरी तेल-हळद तयार असते. २०११ पासूनच्या गृहाधारित नवजात काळजी कार्यक्रमात रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशा कार्यकर्ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी जाते. देठाच्या दृष्टीने पहिल्या दोन भेटी मोलाच्या. पण त्यांच्याही आधीचे तास परिचारिकेने घरी पाठविताना काय सांगितले, यावर अवलंबून असतात. आणि तिने ते केवळ आईला सांगून भागत नाही. परिचारिकांच्या प्रश्नावलीत म्हणून आणखी एक प्रश्न असावा: ‘घरी बाळाला अंघोळ कोण घालणार, हे तुम्ही विचारले का?’